प्रवासाचं कार्ड

बँकेतल्या मुलीने टेबलावर तीन माहितीपत्रकं पत्त्यांसारखी मांडली. एक क्रेडिट कार्ड किराण्यावर सूट देणारं, दुसरं पेट्रोलवर, तिसरं प्रवासाचं.

"काकू, तुमचा जास्त खर्च कशावर होतो? त्यावरून कार्ड ठरवू."

"किराण्यावर," सवयीने मीच उत्तर दिलं. पण बायकोचं बोट केव्हाच तिसऱ्या पत्रकातल्या निळ्या विमानावर जाऊन बसलं होतं. नखाच्या कडेला सकाळची कणीक तशीच होती.

"तो खर्च झाला. आता हा व्हायचाय," ही म्हणाली.

हिला प्रवास सोसत नाही, असं मी आयुष्यभर नातेवाइकांना सांगत आलो. ते खोटं होतं. घर सोडायचा कंटाळा मला होता, आणि ही गप्प राहून माझी बाजू सांभाळत होती. कार्ड निवडायचं म्हणजे आधी आपल्याला काय हवंय ते सांगायचं. तेवढंच मी हिला कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, पण त्या बोटाकडे बघताना आनंदच जास्त होत होता. आता हिने मलाही सोबत न्यावं, एवढीच इच्छा उरली.

"यावर विमानतळाच्या लाउंजमध्ये सोबत एकाला नेता येतं, काकू."

हिने मला नखशिखांत न्याहाळलं. "बघते, कोणाला न्यायचं ते."

मी कॉलर सारखी केली आणि मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखा ताठ बसलो.