रवीची बंदुकांची खोली

काल शिलाई मशीनला तेल घालताना तो वास नाकात शिरला आणि अमेरिकेतल्या अर्विंगमधली रवीची बंदुकांची खोली आठवली. रवी माझ्या ऑफिसातला, मूळचा नागपूरचा. देवघरात देव मांडावेत तशा त्याने मखमलीवर बंदुका मांडल्या होत्या, तेल लावून चकाकवलेल्या. पाहुण्यांना आधी ते दर्शन, मग जेवण. "फॅमिलीच्या सेफ्टीसाठी आहे यार सगळं," असं वर सांगायचा.

एका दुपारी आम्ही दोघं त्याच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा त्याने नवी रायफल माझ्या बायकोपुढे धरली. "घ्या वहिनी, लोडेड नाहीये." ती मागे सरली. तिच्या भित्रेपणाला हसत त्याने रायफल भिंतीकडे रोखली आणि चाप ओढला. कानठळ्या बसल्या. गोळी भिंतीतून आरपार स्वयंपाकघरात गेली. तिथे त्याची बायको मेधा पुऱ्या तळत होती.

आम्ही धावलो. गोळी तिच्या डोक्याजवळच्या कपाटात घुसली होती. मेधाने गॅस बंद केला. मागून रवी आला, रायफल न्याहाळत. "हातातून पडली ना, स्क्रॅच गेलाय बघ," तो मला म्हणाला.

तेव्हा वाटलं, धक्क्याने बरळतोय. आज कळतं, धक्काबिक्का काही नव्हता. त्या माणसाला खरोखर तेवढंच दिसत होतं. मेधाला मात्र ते तिथेच कळलं. ती आमच्या गाडीत बसून निघाली, ती त्या घरात परत गेली नाही.