बोटं माझी, तोंड त्याचं

"तोंड लावायचं न्हाय. नुसती बोटं टेक."

सॅक्सोफोनचा माझा पहिला धडा हा. मास्तरांनी बाजाच्या मानेवरचा काळा तुकडा, ज्यातून फुंकतात तो माऊथपीस, पिळून काढला. खिशात घातला. उरलेलं पितळी धूड ओटीच्या कडेला ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही. ठेवलं. मी खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, दोन पावलं पुढं जाऊन ते उचललं. ओटीवर मास्तरांचा दुसरा विद्यार्थी बसला होता, सुधाकर. तो हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. देशाला स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. दिवेआगरच्या अलीकडं आमचं गाव. वरच्या अंगाला नारळ-पोफळीच्या वाड्या, खाली खाडीला लागून आमची वस्ती. माझा बाप खालुबाजात सनई वाजवायचा. सनई, ढोल आणि टिमकी, एवढाच तो बाजा. गावातलं एकही लग्न त्याच्याशिवाय लागायचं नाही, आणि एकाही लग्नात तो मांडवाच्या आत गेला नाही. वस्तीनं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तरणी पोरं म्हणत होती, गावाची वाजवणूक सोडा. बाप ऐकत नव्हता. मला दोन्हीतलं काही नको होतं. मला सॅक्सोफोन पाहिजे होता.

मास्तर देवळातल्या वाजंत्र्यांच्या घरातले. तरुणपणी बोटीनं मुंबईला गेले. तिथं वीस वर्षं हॉटेलात वाजवलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलं. छाती दुखायला लागली तेव्हा गावी परतले आणि बँड उभा करायला लागले. पहिल्यांदा त्यांचा सॅक्सो ऐकला तेव्हा मी पोफळीच्या वाडीबाहेर गवताचा भारा घेऊन उभा होतो. भारा तसाच डोक्यावर ठेवून सगळं गाणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, मला शिकवा. त्यांनी बापाचं नाव विचारलं. मग माझे हात पुढं करायला लावले, लांबूनच बघितले आणि म्हणाले, "ये."

मी धावत घरी गेलो होतो. त्या 'ये'मध्ये काय काय नाही, हे तेव्हा कळलं नाही.

पितळ फडक्यानं पुसलं की चालतं, तोंडाचं तसं नसतं, असा मास्तरांचा हिशेब होता. म्हणून मला बोटं मिळाली. मी खळ्यात फळीवर बसायचो आणि बिनतोंडाच्या त्या बाजावर बोटं चालवायचो. सॅक्सोच्या भोकांवर चामड्याच्या गाद्या असतात. बोट दाबलं की गादी बसते आणि टप् असा बारीक आवाज येतो. नीट कान दिला तर त्या टप्‌मध्येही सूर असतो. कुणाला खोटं वाटेल. मी वर्षभर त्या टप्‌टप्‌वर गाणी शिकलो. माझं गाणं मलाच ऐकू यायचं, शेजारी बसलेल्या कोंबडीलाही नाही.

मग मास्तर बाजा उचलून फडक्यानं पुसायचे, खिशातला माऊथपीस चढवायचे आणि सुधाकरच्या हातात द्यायचे. हातात. सुधाकर वाडीवाल्यांचा धाकटा मुलगा. माझ्याच वयाचा. तो फुंकायचा आणि बाजातून बदकासारखा आवाज निघायचा. दम नव्हता त्याला. चार सुरांत छाती रिकामी व्हायची. मास्तर त्याला माझ्याकडं बोट करून सांगायचे, "त्याची बोटं बघ. कशी पडतात बघ." म्हणजे मला कशाला ठेवलं होतं ते आलं ना ध्यानात? शाळेच्या भिंतीवर तक्ता टांगतात, तसा मी खळ्यात टांगलेला होतो.

दम मी घरी कमवायचो. बापाची सनई घेऊन खाडीवर जायचो. गाल फुगवून, नाकानं श्वास ओढत, सूर न तोडता वाजवायचं बापानं शिकवलं होतं. माझा एक सूर संपेपर्यंत सुधाकरचे सहा संपले असते. दम खाडीवर, बोटं मास्तरांच्या खळ्यात. दोन्हींची गाठ कधी पडत नव्हती.

मी जळायचो. साधंसुधं नाही, आतून करपून जायचो. सुधाकरचं घर, त्याचा इस्तरीचा सदरा, त्याच्या वाड्या, त्यातलं काही मला नको होतं. मला त्याचं तोंड पाहिजे होतं. वाजवून झाल्यावर तो ओठ पुसायचा तेव्हा मी दुसरीकडं बघायचो. त्याचा ओठ फुटावा, दात पडावा असं मनात यायचं. त्याचा सूर चिरकला की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सुधाकरच्या ताईचं लग्न ठरलं होतं. वरातीत सुधाकरनं सॅक्सो वाजवायचा, असं त्याच्या वडिलांनी मास्तरांना सांगितलं होतं. त्या गाण्यातलं एक वळण त्याला जमेना. मास्तर आत गेलेले बघून त्यानं मला विचारलं, "इथे कोणतं बोट रे?" मी मुद्दाम चुकीचं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. तो माझ्याकडं बघायला लागला. मी खाली मान घालून बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

आणि याच सुधाकरनं लग्नाच्या चार दिवस आधी मला बाजा दिला.

सकाळची वेळ. मास्तर विहिरीवर आंघोळीला गेले होते. सुधाकर ओटीवरून उतरला, खळ्यात आला, माऊथपीस लावलेला सॅक्सो माझ्यापुढं धरला. "घे. एकदा वाजव. पटकन."

का दिला, मला आजही माहीत नाही. दया असेल. गंमत असेल. मी विचारलं नाही. तोंड लावलं.

माऊथपीसला बांधलेली वेताची पत्ती, जिच्या थरथरण्यानं सूर निघतो, ती जिभेला लागली. त्याच्या तोंडानं ओली झालेली होती. मला किळस आली नाही, हे मुद्दाम सांगतो. मी एकच सूर धरला आणि सोडलाच नाही. वर्षभराचा दम होता तो. गाल फुगवून, नाकानं ओढत, धरून ठेवला. वाडीत काम करणाऱ्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मग बोटं आपोआप सुटली. वरातीचं ते वळण, सुधाकरला न जमणारं, मी न चुकता घेतलं.

मास्तर ओल्या पंच्यानं धावत आले. सुधाकरनं त्यांना बघितलं आणि तो पायरीवर चढला. वर चढून म्हणाला, "मी नाही दिला. त्यानेच उचलला."

मास्तरांनी बाजा घेतला. माऊथपीस काढून चुलीतल्या राखेनं घासला, गरम पाण्यात टाकला, वर तुळशीचं पान सोडलं. पत्ती मात्र हातात धरून उभे राहिले. माऊथपीस घासता येतो. वेत ओलावा पिऊन घेतो. ती त्यांनी दोन बोटांत मोडली आणि खळ्यात टाकली.

"ह्ये काय घासून निघतंय?" असं म्हणाले. नंतर म्हणाले, "तुझा आवाज चांगला हाय. म्हणून सांगतो, पुन्हा येऊ नको."

आवाज चांगला हाय. हे वाक्य मला लाथेपेक्षा जास्त लागलं. ऐकू आलं होतं त्यांना. त्यांच्याइतकं कळणारा माणूस साऱ्या तालुक्यात नव्हता. ओळखलं आणि मग मोडलं.

रागात मास्तर एक गोष्ट विसरले. ती त्यांच्याकडची शेवटची पत्ती होती. मुंबईहून नव्या पत्त्यांची डबी यायची होती. श्रीवर्धनला बोट लागली, माणूस जाऊन आला, डबी आली नाही. लग्न दोन दिवसांवर आलं. सुधाकरच्या वडिलांनी वरातीत सॅक्सो वाजणार म्हणून चार गावांत सांगून ठेवलेलं.

मग मास्तर आमच्या वस्तीत आले. भर दुपारी. जन्मात पहिल्यांदा. माझा बाप सनईच्या पत्त्या स्वतःच करायचा, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मास्तर आमच्या दारापासून थोडे लांब, आंब्याखाली थांबले. बापापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील.

"काय रे सखाराम, एक पत्ती करून पायजे."

त्यांनी मोडकी पत्ती आणि फडक्यात बांधलेला माऊथपीस दगडावर ठेवला. मापासाठी. बापानं मोडकी पत्ती उन्हात धरून निरखली. सुकवलेल्या वेताचा तुकडा शोधून आणला. बाटलीच्या काचेनं तासायला बसला. बापाचे हात खूश होते, मला दिसत होतं. नवं काम होतं. थोडं तासलं आणि नेहमीच्या सवयीनं त्यानं पत्ती तोंडात घातली.

"तोंडात नको घालू," मास्तर म्हणाले. "पाण्यात भिजव."

बाप हसला. टिंगल म्हणून नाही, एखादा कारागीर दुसऱ्या कारागिराला हसतो तसा. "मास्तर, तोंडात घातल्याबिगर पत्ती बोलती का? तुमास्नी काय सांगायचं?"

मास्तरांना माहीत होतं. फुंकून वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पत्ती करणारा ती दहा वेळा चाखतो, तासतो, पुन्हा चाखतो. मुंबईच्या डबीतल्या पत्त्या कुणी कुणी चाखल्या होत्या, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एकदा ओटीवर बसून सुधाकरला त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, रेकॉर्डिंगच्या गर्दीत आम्ही तिघं तिघं एका पत्तीवर वाजवायचो, कोण कुठला कुणाला पत्ता नसायचा. मी खळ्यातून ऐकलं होतं.

ते मी आता बोललो. "मुंबईला तिघांच्या तोंडातली पत्ती चालत हुती तुमास्नी."

"मुंबई येगळी," मास्तर म्हणाले. माझ्याकडं न बघता. मग बापाला म्हणाले, "बरं, घाल तोंडात. मी वर गंगाजळ शिंपडून घेईन. कुणाला बोलू नको."

त्या क्षणाला माझ्या डोक्यातलं काहीतरी जागेवर बसलं. गंगाजळानं निघत होतं, तर दोन दिवसांपूर्वी पत्ती का मोडली? गरज त्यांची असली की आमची थुंकी धुतली जाते. गरज आमची असली की तीच थुंकी वेतात मुरते. थुंकीचा काही संबंधच नव्हता. मला वाजवता येऊ नये, एवढंच होतं. आणि मी मूर्ख, वर्षभर सुधाकरच्या ओठांवर जळत बसलो. माऊथपीस तर मास्तरांच्या खिशात होता.

मी म्हणालो, "पत्ती मिळंल. पन ती मी वाजवणार. वरातीत, समद्यांच्या म्होरं."

मास्तर म्हणाले, "अक्कल हाय का तुला?"

"मग पत्ती न्हाय."

बाप माझ्याकडं बघायला लागला. "आरं, लग्नाचं घर हाय," तो हळूच म्हणाला. आयुष्यभर हेच म्हणत आला होता तो. लग्नाचं घर हाय, मयताचं घर हाय, देवाचं काम हाय. मी त्याला म्हणालो, "बाबा, तुजं थुंक चोरून चालतं. उघड चालत न्हाय. बघ तूच."

बापानं पत्ती पुन्हा तोंडात घातली. काच त्याच्या हातात तशीच. मास्तर आंब्याखाली उभे, घाम पुसत. पण बापानं पत्ती तोंडातून काढली नाही. गालात सरकवली, तंबाखूची गोळी ठेवतात तशी, आणि फडक्यातला माऊथपीस होता तसा गुंडाळून दगडावर सरकवला. मास्तर माऊथपीस उचलून निघून गेले.

वरात सॅक्सोशिवाय निघाली. खालुबाजाही नव्हता. बापानं निरोप पाठवला, येत नाही म्हणून. नुसते बँडचे ढोल वाजले. त्याचे परिणाम आम्ही भोगले. वाडीतलं सुपारी सोलायचं काम आईच्या हातून गेलं. किराणावाला आम्हाला थांबवून ठेवायला लागला. बाप सनईला कापड गुंडाळून माळ्यावर ठेवून बसला आणि कधी कधी माझ्याशी बोलायचा नाही. हे सोपं नव्हतं, आणि मी ते सोपं करून सांगणार नाही.

पंधरा दिवसांनी मला सुधाकर समुद्रावर भेटला. सॅक्सो त्याच्या खांद्याला होता, नवी डबी आली असणार. त्याचे ओठ लाल झालेले होते, नुकतंच वाजवून आल्यासारखे. ते बघून मी पुन्हा जळलो. तेवढंच, जरासुद्धा कमी नाही.

तो म्हणाला, "तुझ्यामुळे ताईचं लग्न मुकं गेलं."

मला वाटलं होतं, मी मान खाली घालीन. चुकीचं बोट मी दाखवलं होतं, तेही आठवलं. पण त्या दिवशी पायरीवर चढून तो काय बोलला, तेही आठवलं. मी त्याच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"व्हय," मी म्हणालो. "माझ्यामुळं. आनि माझ्या तोंडाला जिथं बंदी, तिथं आमची सनई बी न्हाय. तिथलं पुढचं लगीन बी मुकंच जाईल."