टेपच्या आत दोन बोटं

मुलीच्या मानेचं माप घेताना टेपच्या आत मी माझी दोन बोटं घातली आणि आलेला आकडा खणखणीत आवाजात सांगितला.

लॅपटॉपवर आकडे भरत बसलेली आमची कन्या थांबली. "बाबा, ही माझी मान आहे की रेड्याची?"

"अगो, थोडं सैल नको? कपडा म्हटला की…"

"कपडा नाही तो. ड्रायसूट आहे."

ड्रायसूट हे प्रकरण आमच्या घरात नवीनच होतं. मुलगी समुद्रातल्या शेवाळावर शिकायला नॉर्वेला निघाली होती. डायव्हिंग ती तारकर्लीला शिकली, पण आपला समुद्र म्हणजे कोमट आंघोळ. तिकडचं पाणी बर्फाच्या शेजारचं. तिथे पाण्यात उतरायचं तर अंगाला पाणीच लागू न देणारा सूट हवा. मानेला आणि मनगटाला त्याची रबरी पट्टी थेट कातडीवर घट्ट बसते. तो मापावर शिवून मिळतो, आणि मापं घ्यायची कामगिरी मी आपणहून अंगावर घेतली होती.

यात माझा तरी काय दोष? या घरात आजवर सगळं वाढत्या अंगाचंच घेतलं गेलं. हिचा पहिलीतला गणवेश चौथीपर्यंत पुरला. रेनकोट तर असा, की आत दप्तर, डबा आणि ही, तिघंही कोरडी शाळेत पोचत. बाजारातला आमचा शिंपीही दोन बोटं घालूनच माप घ्यायचा. मी तेच केलं.

"सैल राहिलं तर काय होईल?" मी विचारलं.

"मानेतून पाणी आत शिरेल. अंगात ढगळ असेल तर आतली हवा पायांकडे धावेल. पाय वर, डोकं खाली. मग मला सरळ होता आलं पाहिजे."

एवढं ती शहाळं पिता पिता बोलावं तशी बोलली. मी मात्र खुर्चीत बसलो. रेड्याच्या मानेवर हसायचं माझं राहूनच गेलं.

पण बापाने इतक्यात हार मानायची नसते. मी दुसरी बाजू धरली. सूट दोन तऱ्हेचे होते, एक जाड फोमसारखा, दुसरा पातळ, आत लोकरीचे कपडे घालायचा. हिला पातळ हवा होता, हालचाल सोपी म्हणून.

"जाडच घे," मी म्हटलं. "त्या पातळ कातड्यात थंडीने काकडशील."

आतून कोकम सरबत घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, आंब्याच्या अढीत ऊब कशाची असते? पेंढ्याचीच ना? मग तिला पेंढा भरपूर घालू दे."

ती बागायतदारांच्या घरातली. आंबा मध्ये आला की मी वाद घालत नाही.

"आणि पेटीत आंबा ढिला भरलात," ती पुढे म्हणाली, "तर हायवेवरचा हातखंबा यायच्या आत डागाळतो."

"आई, तू माझी पेटी का भरत्येस?" मुलगी म्हणाली, पण पातळ सूट ठरला.

आता अंगाची मापं लोकरीच्या कपड्यांवरून घ्यायची होती. रत्नागिरीत लोकर शोधणं म्हणजे नॉर्वेत फणस शोधणं. शेवटी केदारनाथला जाताना घेतलेले आम्हा दोघांचे स्वेटर ट्रंकेतून निघाले. पोरीने एकावर एक चढवले. पंखा पाचावर, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आणि ती हात पसरून घामाने निथळत उभी.

"लवकर, बाबा! नॉर्वेला जायच्या आधीच वितळेन."

छाती, कंबर, दंड, मांड्या, सगळं झालं. मग स्वेटर काढून ती समोर बसली, मनगटंही झाली, नुसती मान राहिली होती. मी टेप गुंडाळला. बोटं सवयीने आत निघाली होती, ती मागे घेतली. टेप कातडीला टेकला तशी तिची नाडी टेपखाली उडताना बोटांना लागली.

"श्वास घेता येतोय ना?"

"येतोय."

"मोठा घे बघू."

तिने घेतला. टेप जागचा हलला नाही. मी आकडा सांगितला, या वेळी हळू. तिने तो भरला आणि ऑर्डर पाठवून दिली.

मुलगी आंघोळीला गेली. मी ओले स्वेटर उचलून मागच्या दोरीवर वाळत घालत होतो. बायको चिमटे देत उभी होती.

"माप नीट दिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण तिकडे पाऊसही खूप पडतो म्हणे. रेनकोट मात्र आपण इथूनच घेऊन देऊ. एक साइज मोठा."