स्टिअरिंगवरचं लाल फडकं

मिस्त्रींना हातोडा हळू मारता येत नसे. गंजलेला बोल्ट असो, अडकलेली कडी असो की पोराची पाठ, हात एकदा वर गेला की सगळी ताकद घेऊनच खाली यायचा. सारा जन्म खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथे डंपरच्या चाकांशी कुस्ती आणि घरी आल्यावर घरच्यांशी. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाणीतलीच एक म्हातारी जीप लिलावात उचलली आणि अंगणात पत्र्याखाली लावली. बायकोला वाटलं, सुटलो. राग काढायला आता लोखंड मिळालं.

पण त्या लोखंडाला दुसरा वाटेकरी निघाला. एकुलता एक मुलगा, गोदामाचे ट्रक चालवणारा, बापापेक्षा वीतभर उंच. बाप त्याला लांब्या म्हणे. जीपवर दोघांचाही जीव आणि तिच्यापायी दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. बापाला ती होती तशीच हवी, जुन्या ड्रम ब्रेकांसकट. मुलगा म्हणे, पुढच्या चाकांना डिस्क बसवू, हे ब्रेक लागेपर्यंत माणूस वर पोचतो.

"माझ्या गाडीत तुझी अक्कल घालायची नाही," मिस्त्री म्हणायचे.

"तुमची घालून झाली की. म्हणून तर रोज ढकलावी लागते."

अशाच एका बोलाचालीत मिस्त्रींनी बॉनेट खाली आपटलं, मुलाची बोटं आत असताना. दोन नखं काळी पडून गळाली. तेव्हापासून बोलणं बंद. काम मात्र बंद होईना. सकाळी बाप गाडीखाली शिरे, संध्याकाळी मुलगा. एकाने सैल केलेलं दुसऱ्याला कळायचं कसं? मग मिस्त्रींनी नियम काढला आणि बायकोच्या तोंडी मुलाला कळवला. काम अर्धवट असेल तर स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. फडकं असलं तर गाडी हलवायची नाही. नसलं तर काही विचारायचं नाही.

"त्यांना सांग, समजलं," मुलाने आईच्याच तोंडी उलट टपाल धाडलं.

तिला ब्रेकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोळ्या लाटताना तिचा एक कान अंगणात असायचा. ठोके एका लयीत पडत असले की ती लाटत राही. लय तुटली की लाटणं हातातच घेऊन दाराशी येई. दोघांनीही धडधाकट जेवायला बसावं, याहून जास्त तिला काही नको होतं. मुलाला वेगळी खोली घे म्हणायला जीभ रेटत नव्हती. तो गेला तर या घरात तिने बोलायचं कोणाशी?

त्या रविवारी मुलाने दिवसभर खपून डिस्क बसवल्या. नवे पाइप जोडले, चाकं चढवली. ब्रेकचं तेल तेवढं भरायचं राहिलं, त्याशिवाय ब्रेक लागणार नव्हता. स्टिअरिंगला फडकं बांधून तो तेल आणायला निघाला, तोच मिस्त्री फाटकातून आत आले. अंगणातल्या भंगाराच्या पोत्यातून जुने ड्रम डोकावत होते.

"कोणाला विचारून काढलेस?"

"विचारायला बोलतोय कोण आपल्यात?"

चाकाचा पाना मिस्त्रींच्या हाताशीच होता. मडकं फुटावं तसा आवाज झाला आणि मुलगा गुडघ्यांवर बसला. पाना पुन्हा वर गेला. लाटणं टाकून धावत आलेली आई मध्ये पडली आणि तो तिच्या दंडावर उतरला. तिसऱ्यांदा हात वर गेला नाही, कारण तोवर मुलाच्या कानामागून रक्ताची धार लागली होती आणि मिस्त्रींचं तोंड पांढरं पडलं होतं.

तिने हाताला आलं ते फडकं ओढलं आणि जखमेवर दाबलं. लाल कापडावर रक्त दिसत नव्हतं, नुसतं गरम आणि ओलं लागत होतं.

"गाडीत घाल त्याला," मिस्त्री म्हणाले. शुद्ध हरपत चाललेल्या पोराला त्यांनी एकट्याने उचललं, डावीकडच्या सीटवर बसवलं. ती मागे चढली आणि तिथूनच डोकं दाबून धरलं. मिस्त्रींनी स्टिअरिंगकडे पाहिलं. मोकळं होतं. काही न विचारता त्यांनी गाडी काढली.

गल्ली सपाट होती, तिथे ब्रेक दाबायची वेळच आली नाही. वळणानंतर मोठ्या रस्त्याकडे जाणारा उतार सुरू झाला तेव्हा मिस्त्रींनी पाय दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला.

"फडकं कुठं होतं?" ते ओरडले.

"याच्या डोक्यावर आहे. स्टिअरिंगचं काढून लावलंय मी."

हँडब्रेक मिस्त्रींनीच दुरुस्तीला काढून ठेवला होता. त्यांनी गिअर खाली हाणला, गिअरबॉक्स किंचाळला, गाडी जरा अडखळली आणि पुन्हा सुटली. समोर ट्रक धावत होते. डावीकडे गोदामाची दगडी भिंत हाताशी होती, पण त्या बाजूला मुलगा बसला होता. त्यांनी रस्ता कापून गाडी आपल्या बाजूच्या, उजव्या भिंतीला घातली. बिनदाराची जीप दगडांवर घासत, ठिणग्या उडवत, पत्रा सोलत गेली आणि मिस्त्रींचा हात भिंत आणि लोखंडाच्या मध्ये सापडला. गाडी थांबली तेव्हा ट्रकचा वारा तोंडावर येत होता.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "दोघांनाही अपघातातच लागलं?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

"नाही," बायको म्हणाली. "याचं डोकं घरी फुटलं. यांनी पाना मारला. हा माझा दंड बघा."

"आई, जाऊ दे," मुलगा टाके घालून घेता घेता पुटपुटला.

"जाऊ दे करूनच इथवर आलो. तू नको येऊस आता घरी."

तिने स्वतःच त्याचे कपडे बांधले आणि गोदामाजवळ भाड्याने घेतलेल्या खोलीत नेऊन दिले. पिशवीत पोळ्याही घातल्या. बापाने मुलासाठी भिंत निवडली, हे तिला दिसलं होतं. पण त्याआधी पाना दोनदा वर गेलेलाही दिसला होता. त्यातलं एक विसरून दुसरं धरणं तिला जमेना.

मिस्त्रींच्या उजव्या हाताची बोटं पुढे नीट मिटली नाहीत. एके दिवशी ती त्यांना घास भरवत असताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लांब्या कधी येणार?"

"येतो की," ती म्हणाली. "तुम्ही हाताच्या व्यायामाला जाता ना, तेव्हा."