उजवीकडे कललेली गाठ

नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात त्या चारमजली दुकानात माणसे प्रेमापोटी कमी आणि धास्तीपोटी जास्त येत. मागच्या वर्षी ज्याने काही दिले होते, त्याच्या उपकारातून यंदा सुटायचे. जमल्यास आवळा देऊन कोहळाही काढायचा. जिन्याखालच्या टेबलाशी भेटवस्तू कागदात बांधणाऱ्या बाईंना हे सारे पाठ होते. त्या डावखुऱ्या. त्यांनी बांधलेल्या फितीची गाठ हटकून उजवीकडे कले, म्हणून दुकानात त्यांना 'उलट्या मावशी' म्हणत.

"मावशी, हे आमच्या साहेबांना. कार्डावर दोन ओळी आदराच्या लिहा," एक गिऱ्हाईक म्हणाले.

"आदर आहे का पण?"

"असता तर मीच नसत्या लिहिल्या?"

दुसऱ्यांच्या भावना लिहिण्याचे हे काम त्यांच्या गळ्यात कधी पडले, ते त्यांनाही आठवत नव्हते.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता: दूरच्या शहरातला मुलगा या सुट्टीत येतो की नाही. एरवी तो 'बघतो' म्हणे. यंदा 'नक्की बघतो' म्हणाला होता. तेवढ्या 'नक्की'वर त्यांनी माळ्यावरची खाट खाली काढून, पुसून, अंथरून ठेवली होती.

फोनवरच्या मागण्या घेणारा विक्रेता जिन्यावरूनच ओरडला, "मावशी, एक आईसाठी. म्हातारी आहे, काहीही चालेल म्हणतोय. ओळही आपणच लिहायची."

"काहीही म्हणजे काय?"

"तुम्हाला आवडेल ते घाला हो. गाडी निघतेय."

फरशीवर उभे राहून त्यांचे पाय गारठत. त्यांनी लोकरीचे मोजे निवडले आणि लिहिले, 'आई, तुझ्या हातच्या जेवणाची आठवण येते.' कुण्या परक्या माउलीला दोन घास जास्त जातील, एवढाच विचार. पत्ते मागच्या खोलीत चिकटवत; ते त्यांच्या दृष्टीस पडत नसत.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो खोका त्यांच्याच दारात आला. गाठ उजवीकडे कललेली होती. आई दुकानात काम करते हे मुलाला ठाऊक होते. कुठल्या दुकानात, हे त्याने कधी विचारले नव्हते.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"मिळालं का गं?"

"मिळालं. मोजे आहेत."

"हां, मोजे. तासभर फिरलो त्यासाठी."

"आणि ओळ?"

"मनापासून लिहिलीय. आई, यंदा काही जमत नाहीये. म्हटलं, निदान भेट तरी पोचावी."

"छान लिहिलीयस," त्या म्हणाल्या. खोका त्यांनी अजून उघडलाच नव्हता.

खाट त्यांनी पुन्हा माळ्यावर चढवली. सकाळी खोका पिशवीत घालून दुकानात नेला आणि काचेमागच्या शोभेच्या रिकाम्या खोक्यांत ठेवून दिला. तिथे तो वेगळा ओळखू येत नव्हता.