रंगरावाला सांगितलेला निकाल

रविवारी मटणाचं जेवण झालं की माणसानं आडवं व्हायचं, हा कोल्हापुरातला नियम आहे, आणि गजाननराव साळोखे नियमाबाहेर जात नाहीत. पापण्या जड होतात. पंख्याची घरघर हळूहळू हजारभर माणसांच्या गलक्यासारखी ऐकू येते. गजाननराव कूस बदलतात ते थेट फुटबॉलच्या स्टेडियमच्या पायरीवर.

शेजारी रंगराव सरनाईक बसलेत. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. पण चाळीस सीझन ते याच पायरीवर बसत आलेत, तेव्हा जागा रिकामी दिसली असती तरच नवल.

इथं प्रत्येक तालमीचा आपला फुटबॉल संघ; रंगराव जुन्या विहिरीच्या तालमीचे, गजाननराव चिंचबन तालमीचे. दोस्ती इतकी घट्ट, की एकमेकांच्या संघाबद्दल दोघांनी जन्मात चांगला शब्द काढलेला नाही.

"काय लगा गजा, तुमची बचावफळी म्हणजे आठवड्याचा बाजार. कुणीबी यावं, हिंडून जावं."

"आणि तुमचा फॉरवर्ड? गोल सोडून सगळीकडं मारतोय. परवा पलीकडच्या घराची कौलं फुटली."

"ती वाऱ्यानं."

"वारा तुमच्याच तालमीचा दिसतोय."

रंगराव खुशीत हसतात. "बोल बोल. पण शेवटच्या मॅचला दोन-एकनं हाणलं की नाही तुम्हाला? लीग कुणाची?"

पायरी गार लागते. ती दवाखान्यातल्या खाटेजवळची फरशी आहे. दोन खाटांच्या मधून चुन्याची पांढरी रेघ गेलीय आणि सलाईनच्या दांडीला कॉर्नरचं निशाण लावलंय.

याच खाटेवर त्या संध्याकाळी रंगरावांनी विचारलं होतं, काय झालं रं? गजाननराव मॅचवरून तडक आले होते. चिंचबननं दोन-एकनं मारून लीग घेतली होती. त्यांनी आकडे तेच ठेवले, फक्त संघ बदलले. रंगराव हसले, आणि पहाटे गेले. तेव्हापासून अख्खी पेठ नाचतेय, आणि गजाननराव घराबाहेर पडताना दुसरी गल्ली धरतात.

"गजा, निकाल सांग की."

"दोन-एक."

"कुणाचे दोन?"

नर्स घड्याळ बघते आणि शिट्टी तोंडात धरते.

"आमचे," गजाननराव म्हणतात. "खोटं बोललो मी, रंगा."

"ठाऊक हाय."

"कधीपासनं?"

"तवाच. तू म्हणालास, तुमचा गोलकीपर छान खेळला. लगा, चाळीस वर्षांत तू त्याच्याबद्दल काय, त्याच्या बापाबद्दलबी बरं बोलला न्हवतास. म्हटलं, आपली तब्येत जास्तच बिघडलेली दिसतीय."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढं जिवावर आल्यालं तुझ्या तोंडातनं बाहेर पडलं. ते मोडायचं कशाला?" रंगराव उशीवर डोकं सरकवतात. "राग दुसऱ्याच गोष्टीचा हाय. माझ्या मयताला सगळ्यांनी गुलाल टाकला. तू मूठ भरलीस आणि परत ताटात सोडलीस."

"आदल्या दिवशी जिंकलो होतो रं आम्ही. तुझ्या अंगावर टाकताना तो कसला गुलाल, हे माझं मलाच कळलं नसतं."

"खुळाच हाईस. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या कपाळाला लावायचा, हे आपलं ठरल्यालं न्हवं? तू लावशील म्हणून मी डोळं मिटून वाट बघत पडलो हुतो."

खाटेवर गुलालाचं ताट आहे. रंगराव कपाळ पुढे करतात. गजाननराव अंगठा गुलालात बुडवतात आणि नीट, भुवईपासून केसांपर्यंत लावतात. कपाळ कोमट आहे.

"पुढच्या सीझनला बघतो तुमच्याकडं," रंगराव दम देतात, आणि शिट्टी होते.

पंखा फिरतोय. शालिनीबाई चहा घेऊन उभ्या आहेत.

"अहो, अंगठ्याला काय लागलंय ते?"

उजवा अंगठा पेरापर्यंत लालभडक आहे. गजाननराव तो उजेडात धरून बघतात.

"मॅच होती."

"आज? कोण जिंकलं?"

"आम्ही," गजाननराव तीन आठवड्यांत पहिल्यांदाच म्हणतात, आणि कप डाव्या हातानं घेतात.