अंबरनाथच्या देवळाची अर्धी भिंत

आज मानपाड्यात आमच्या सोसायटीच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या धुतल्या आणि त्या ओल्या वासाने अंबरनाथचं जुनं शिवमंदिर आठवलं. तेव्हा मी दहा वर्षांची होते. कारखान्यातल्या अपघातात बाबांचे डोळे जाऊन वर्ष झालं होतं. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या हत्तींवरून ते सावकाश बोटं फिरवत होते. लोक थांबून पाहू लागले, तशी मी लाजून त्यांचा सदरा ओढला.

"बाबा, चला ना. सगळे बघतायत."

"बघू दे गं," ते हसले. "मला पण जरा बघू दे."

तरी मी हट्टाने त्यांना अर्ध्यातूनच परत आणलं. पुढे कितीतरी किल्ले, राजवाडे पाहिले. बाबांची राहिलेली ती अर्धी भिंत मात्र अजून मनातून जात नाही.